पाठवणीच्या वेळी

पडद्यावरचा पांढरा ठिपका डाव्या कडेपासून उजव्या कडेला जायला एक सावकाश श्वास लागायचा. उजवीकडे पोचला की तो किंचित थबकायचा. मग परत फिरायचा.

झुल्माचे डोळे त्याच्याबरोबर जायचे आणि यायचे.

पुढचं सगळं घडलेलं आहे. बोलिव्हियातल्या पुनाता गावात, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, भर दुपारी. अंधार नव्हता. वीज गेलेली नव्हती. झुल्माला तापही नव्हता. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. झुल्मा मात्र आजही पाठीला भिंत टेकल्याशिवाय जेवायला बसत नाही.

तिचा नवरा फ्रोइलान आदल्या वर्षी ट्रकसकट दरीत गेला. प्रेत मिळालं. ट्रकच्या किल्ल्या मिळाल्या नाहीत.

किल्ल्यांचा आवाज तेवढा तिच्या कानात राहिला होता. तो जिवंत असताना ती जेवायला बसली की तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. खिशातल्या किल्ल्या वाजवत. बोलायचा नाही. ताट रिकामं होईपर्यंत तिला कळायचं नाही, आज मानेवर हात पडणार की नाही.

तो गेला, तरी तिच्या घशाखाली घास उतरेना. दूर दक्षिणेकडे तारिहा शहरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीने खटपट करून मिर्ता शोधली. ब्युनोस आयर्सची मानसोपचारतज्ज्ञ, लॅपटॉपवरून उपचार करणारी. पद्धत साधी होती. जे आठवायला नको वाटतं ते मनात आणायचं आणि त्याच वेळी हलता ठिपका पाहत राहायचं. हेडफोनमध्ये आळीपाळीने टकटक, एकदा डाव्या कानात, एकदा उजव्या. हळूहळू आठवण बोथट होते.

होतही होती. झुल्मा वाटीभर सूप संपवू लागली होती.

सासूला, साबिनाला, हे खपत नव्हतं. झुल्मा तिला ममिता म्हणायची, म्हणजे आई. "परदेशातली बाई टिंब हलवणार आणि हिचं डोकं ताळ्यावर येणार," असं ती शेजारणींना ऐकवायची, झुल्मा समोर असताना. माझ्या लेकाने हिला राणीसारखं ठेवलं, हेही जोडीला असायचंच.

बहीण दर फोनवर विचारायची, कायमची निघून येतेस की नाही? झुल्मा म्हणायची, तीन वर्षं होऊ देत. गेलेल्या माणसासाठी पहिली तीन वर्षं घरात टेबल मांडायचं, अशी तिथली रीत. ते बायकोनेच मांडायचं आणि बायको मधेच घर सोडून गेली तर मेलेला तिच्या मागे जातो, असं साबिनाने तिला बजावून ठेवलं होतं.

हे दुसरं वर्ष होतं.

एक तारखेच्या दुपारी आत्मा घरी येतो. त्याच्यासाठी टेबलावर उतरायला-चढायला पावाची शिडी, बाळांच्या आकाराचे पाव, त्याच्या आवडीचं शेंगदाण्याचं सूप, पाण्याचा पेला. दोन तारखेला बाराच्या ठोक्याला प्रार्थना म्हणायच्या, टेबल उचलायचं, की तो निघतो. त्या वेळी घरातल्या प्रत्येकाने मनातून त्याला जा म्हणायचं असतं.

मिर्ताने त्या दिवशी एक वाजताची वेळ दिली. तिच्याकडे एक वाजतो तेव्हा पुनातात बारा वाजतात.

झुल्माच्या ते लक्षात आलं होतं. तिला वाटलं, बरं झालं. बाहेर त्याची पाठवणी होईल आणि आपण दार लावून आत बसू.

तिथेच चुकलं.

प्रार्थना सुरू झाल्या तेव्हा मिर्ता म्हणाली, "ते चित्र डोळ्यांसमोर आणा. तो कुठे उभा आहे?"

"माझ्या मागे."

"ठीक. आता ठिपका बघा."

टक... टक... टक...

घरातले सगळे त्याला जा म्हणत होते. झुल्मा त्याला एकेक करून जमवत होती. त्याचे बूट. त्याचा श्वास. त्याचा खिसा.

टक... टक...

छन्.

तिने हेडफोन काढून ठेवला.

बाहेरच्या प्रार्थना थांबल्या होत्या. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. माणसं निरोप घेऊन गेली. मग काहीच नाही...

छन्.

आता हेडफोन कानावर नव्हता.

मिर्ताने ठिपका थांबवला. स्पीकरवरून तिचा आवाज आला, जरा तुटक. "झुल्मा, उपचार चालू असताना खोलीत दुसरं कुणी नको, असं आपलं ठरलं होतं."

"कुणी नाहीये."

मिर्ता चष्मा सावरून पडद्याजवळ आली. "तुमच्या खुर्चीमागे आहेत ते. त्यांना सांगा, ठिपक्याकडे बघू नका. तुमच्याबरोबर त्यांचेही डोळे फिरतायत."

पडद्याच्या कोपऱ्यात झुल्माला स्वतःची छोटी चौकट दिसत होती. तिचा चेहरा. मागे भिंत. मधे माणूस मावेल एवढी जागा.

जागा रिकामी होती.

मग चित्र गोठलं. मिर्ताचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. पुढे कधी झुल्माने विषय काढला, की मिर्ता नेटवर्कचं काहीतरी बोलायची. ठिपका तिने पुन्हा वापरला नाही.

दार उघडलं. साबिना पेला घेऊन उभी होती. निघण्याआधी आत्मा पाणी पितो, पेल्यातलं पाणी उतरतं. हा पेला काठोकाठ भरलेला होता.

साबिना झुल्माच्या डोक्यावरून मागे बघत होती. तिचा चेहरा विरघळला.

"गेला नाही माझा लेक," ती म्हणाली. मग झुल्माकडे नजर वळवली, आणि चेहरा पुन्हा दगड झाला. "तूच बोलावलंस. इतके महिने ते टिंबाचं नाटक केलंस, आणि निघायच्या घटकेला तूच हाक मारलीस. आता तो राहील आणि तूही राहशील. बस तिथेच. त्याचं सूप आणते. सगळं संपवायचं."

खुर्चीची पाठ करकरली. कुणीतरी तिच्यावर दोन्ही हात टेकल्यासारखी.

मानेवर काहीच पडलं नाही. अजून.

झुल्माने आवंढा गिळला. तो सरळ खाली उतरला, याचं तिलाच नवल वाटलं. ती वळली नाही. दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"तिसऱ्या वर्षाचं टेबल मी मांडणार नाही, ममिता. मी आज तारिहाला जातेय. ज्याला मागे यायचं असेल, त्याने खुशाल यावं."