सवतीचं पगलं

कापसाची गाडी भरणं हे काही भुताखेतांचं काम नव्हे. उजेडातलं, गडबडीचं, चार शिव्या आणि चार विनोदांचं काम. रात्र असती, मसणवटा असता, तर माणूस सावध तरी राहिला असता. पण हे घडलं भर दुपारी, तापीकाठच्या एका गावात, या भागाला पश्चिम खानदेश म्हणत त्या काळात.

गिरधर पाटलाच्या घरी त्या दिवशी नुसती धांदल उडाली होती. कापूस सरकी काढायला नंदुरबारच्या जिनात न्यायचा होता आणि धाब्याच्या घरातला मागचा खण जमिनीपासून तुळईपर्यंत कापसाने गच्च भरलेला. गिरधरची बायको वत्सला आत शिरून पाट्या भरून दारापाशी देत होती. गडी भिला त्या अंगणातल्या गाडीत ओतून पायाने दाबत होता. आणि गिरधर? तो नुसता ओरडत होता. आई घरात नसली की काही मुलं फार मोठी होतात, त्यातला प्रकार. त्याची आई दगूबाई खांडबाऱ्याला लेकीकडे गेली होती आणि दिवस मावळायच्या आत परतणार होती.

वत्सलेने घाम पुसायला पदर गळ्याशी नेला आणि तिचा हात तिथेच थबकला. काळा दोरा होता. दोऱ्याची गाठही जशीच्या तशी होती. पगलं तेवढं नव्हतं.

पगलं म्हणजे बोटाच्या पेराएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर दोन इवली पावलं कोरलेली. ती पावलं जसोदाबाईची, गिरधरच्या पहिल्या बायकोची. बाळंतपणात ती लेकरासकट गेली होती. दुसरी आली की तिने पहिलीची पावलं गळ्यात वागवायची, ही या घराण्याची रीत. आणि नुसती वागवून भागत नसे. घास तोंडात घालण्याआधी पगल्याला लावायचा, नव्या लुगड्याचा पदर आधी त्याच्यावरून फिरवायचा आणि म्हणायचं, "पयले तुले, मंग माले." लग्न झाल्यापासून वत्सलेने हे इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते शिंकेसारखं आपोआप तोंडातून निघे.

चुकलं ते एकदाच. गेल्या संक्रांतीला घाईत ती नवं लुगडं तसंच नेसली, आणि आठ दिवसांत तिचं पोट पडलं. दगूबाईला मोतीबिंदूने नीट दिसत नसे. ती नुसती सुनेच्या गळ्यातल्या पगल्यावरून अंगठा फिरवत बसून राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं वत्सलेला तेव्हा वाटलं.

आणि आता पुन्हा दिवस राहिले होते. अजून कोणालाच, गिरधरलासुद्धा, तिने सांगितलं नव्हतं. या खेपेला लेकरू हातात घ्यायचंच, एवढा एकच ध्यास होता. आणि नेमकं आजच पगलं गेलं!

"वहिनी, पाटी दे ना!" बाहेरून भिला ओरडला.

"थांब, भिलाभाऊ! गाडी हालू देऊ नको!"

"काय व्हयनं?" हा गिरधर.

"काही नही… फणी पडनी मन्ही."

"फणीना करता गाडी थांबाडी? ऊन उतरी ऱ्हायनं!"

तिने दार लोटून घेतलं. बाहेरचा सगळा गलका पटकन विझला. कापूस आवाज पिऊन टाकतो. आत सरकीचा तेलकट, कोंदट वास आणि धाब्यातल्या झरोक्यातून पडलेला उन्हाचा एकच कवडसा. वत्सला दोन्ही हातांनी कापूस उपसू लागली. मूठ मूठ पिंजत होती, झटकत होती, मागे फेकत होती. एकदा काही टणक लागलं तेव्हा तिचं काळीज उडालं. निघालं सुकं बोंड. गाडीत तर गेलं नसेल? भिलाच्या पायाखाली? जिनाच्या चरकात?

तेव्हा तिला ते दिसलं. ढिगाच्या उतारावर एक खळगा होता, पावलाचा.

आपलाच असेल, म्हणून तिने शेजारी पाय ठेवला. तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला. तो खळगा मात्र बोटभरच खोल होता, आणि तिच्या पावलाहून आखूड. बघता बघता तो भरून वर येऊ लागला, दाबलेला कापूस फुगतो तसा. म्हणजे आत्ताच कोणीतरी पाय उचलला होता. त्याच्या वर दुसरा खळगा. त्याच्या वर तिसरा.

भीती वाटली. खोटं कशाला बोला, फारच वाटली. पण पगल्याची ओढ भीतीपेक्षा मोठी होती. ती रांगत, घसरत त्या पावलांमागे वर चढली. तुळईखाली अंधार होता. कापूस छातीपर्यंत आला, धागे नाकातोंडात जाऊ लागले. पावलं तिथेच संपत होती. आणि समोर, भिंतीच्या बाजूला, कापसात कोणीतरी हळूहळू हात फिरवत होतं… खस… खस… तीसुद्धा काही शोधत असावी.

"जसोदाबाई…?"

आवाज थांबला नाही.

"चुकनू मी… माले सापडू दे वं माय…" वत्सलेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. तिने एक हात पोटावर ठेवला. "मन्हा पोटमा लेकरू शे…"

आणि सवयीने, श्वासागणिक निघावं तसं, तिच्या तोंडातून पुढचं निघून गेलं.

"पयले तुले, मंग माले."

खसखस थांबली. तिच्या दुसऱ्या तळव्याखाली काहीतरी गार लागलं. त्या उबट कापसात विहिरीच्या पाण्यासारखं गार. पगलं!

मग काय विचारता! दाताने गाठ सोडून तिने पगलं ओवलं, दुहेरी गाठ मारली आणि घसरगुंडीवरून यावी तशी ती खाली आली. दार उघडलं तेव्हा केसांत, भुवयांत, सगळीकडे कापूस.

"म्हतारी व्हयी गयी का वं, एक घटकामा?" गिरधर म्हणाला, आणि ती खदखदून हसली. कितीतरी महिन्यांनी अशी हसली. पाट्या भराभर दिल्या. गाडी घुंगरं वाजवत गेली. त्या दुपारी साऱ्या गावात तिच्याइतकं सुखी कोणी नव्हतं.

दिवस कलताना दगूबाई आली. ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि नेहमीसारखं म्हणाली, "ये वं, वत्सा." पगल्यातल्या थोरल्या सुनेला हात लावल्याशिवाय ती घरात पाऊल टाकत नसे. तिचा अंगठा पगल्यावरून फिरला.

"एक… दोन…"

अंगठा थांबला. मग किंचित खाली सरकला.

"तीन…" ती पुटपुटली. "च्यार."

वत्सलेने पगलं उचलून मावळत्या उजेडात धरलं. जसोदेच्या पावलांमागे आणखी दोन पावलं होती. तिळाएवढी. बोटंसुद्धा दिसत होती.

"सोनारनी दोनच काढेल व्हतात," दगूबाई म्हणाली. "मन्हा समोर." तिचा हात चाचपडत सुनेच्या पोटावर आला आणि तिथेच राहिला. "तुले दिवस गयात… आन माले सांगं नही?"

वत्सलेने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एकीलाच. आणि सांगताना पुढे काय म्हटलं, ते तिला आता आठवलं: पयले तुले.

पगलं काढून टाकावं म्हणून तिने घाईने मानेमागे हात नेला. दोरा बोटांनी चाचपला, फिरवला, पुन्हा फिरवला.

दोऱ्याला कुठेच गाठ नव्हती.