दोघांत एक फ्लॉरेन्स

"चारशे बारा!"

माइकवरून आकडा आला आणि बेंगळुरातल्या जयनगरच्या त्या मांडवात दोन माणसं उठून उभी राहिली. एक मी. दुसरा माझ्या मागच्या रांगेतला, उंच, चष्मेवाला, ओली छत्री पोटाशी धरून उभा राहिलेला.

शहाण्णव सालचा दसरा होता. घरगुती वस्तूंचं दुकान चालवणाऱ्या मंजुनाथअण्णांनी गिऱ्हाइकांसाठी सोडत ठेवली होती. पहिलं बक्षीस... दोघांसाठी चार दिवसांची इटलीतल्या फ्लॉरेन्सची सहल! अण्णांच्या साडूची ट्रॅव्हल एजन्सी होती, त्यामुळे गावाची निवडही साडूचीच. मांडवातल्या निम्म्या लोकांना हे गाव कुठे आहे ते माहीत नव्हतं. मला मात्र चांगलंच माहीत होतं. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे. तिथल्या कपाटातल्या एका जाडजूड पुस्तकात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा विटांचा घुमट होता आणि जेवणाच्या सुट्टीत तो मी इतक्यांदा उघडून बघितला होता की पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडायचं.

"अय्यो," मंजुनाथअण्णांनी दोन्ही कूपनं शेजारी शेजारी धरली. छापखान्यानं एकच नंबर दोनदा छापला होता.

"अरे देवा! हे काय त्रांगडं!" मागून आवाज आला. मी वळले.

"तुम्ही मराठी?"

"पुण्याचा. पुरुषोत्तम आगटे. इथे कॉम्प्युटर कंपनीत आहे. आणि ॲक्चुअली... मी तुमच्या आधी उठलो होतो."

"मी पण लगेच उठले की! तुमच्याएवढी उंच नाही, म्हणून दिसले नसेन."

तो हसला. भांडायला उठलेल्या माणसानं हसायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मंजुनाथअण्णांनी कन्नडमध्ये लांबलचक काहीतरी सांगितलं. पुरुषोत्तम माझ्याकडे बघत राहिला.

"काय म्हणतायत?"

"एक सीट तुम्हाला, एक मला. विषय संपला म्हणतायत."

"म्हणजे आपण... दोघं?" त्याचे कान लाल झाले. "नाही, नाही! माझी सीट मी आईला देणार आहे. तिच्यासाठीच आलो होतो."

मला हायसं वाटलं. आणि थोडं... पण ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

चामराजपेटेत आमच्या घरी दोन दिवस चर्चा चालली. अप्पा निपाणीकडचे. तीस वर्षं बेंगळुरात काढली तरी पोरीला एकटीला शहराच्या टोकाला असलेल्या येलहंक्याच्या पुढे पाठवायला तयार नसायचे. पण बरोबर एक निवृत्त शिक्षिका येणार म्हटल्यावर ते विरघळले. "मास्तरीणबाई आहेत तर जाऊ दे," म्हणाले. मग एजन्सीनं सांगितलं की विमान आणि खोली त्यांच्याकडे, गावात काय बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पुरुषोत्तमची आई पुण्यात. तिच्या वतीनं ठरवायला दर शनिवारी पुरुषोत्तम येणार, असं ठरलं.

आम्ही भेटायचो जयनगरच्या एका दर्शिनीत. तिथे उभं राहून खायचं, उभं राहून बोलायचं. पहिल्याच शनिवारी मी काउंटरवर "वन बाय टू कॉफी" सांगितली, तर तो गोंधळून गेला.

"हा कसला हिशोब?"

"एक कॉफी, दोन पेल्यांत. जास्त बोलायचं असलं की थोडी थोडी प्यायची."

"आपल्याला जास्त बोलायचंय?"

"चार दिवस आहेत. अख्खं गाव आहे."

त्यानं खिशातून आईचं पत्र काढलं. शरयूकाकूंचं अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं आणि सरळ होतं. 'तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला. निळ्या खडूनं जगातल्या नद्या काढल्या. परदेशातली एकही पाहिली नाही. तिथे आर्नो नावाची नदी आहे म्हणतात. मला तिच्या काठी बसायचं आहे. चर्च वगैरे त्या मुलीला जे आवडेल ते. माझे गुडघे मात्र तिला सांगून ठेव.'

"गुडघे," पुरुषोत्तम गंभीरपणे म्हणाला.

"घुमटाला चारशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत ओ!"

"मग आई खाली बसेल, तू... तुम्ही वर जा."

मी ट्रेसिंग पेपरवर गावाचा नकाशा काढायला घेतला. एजन्सीनं दिलेला नकाशा फार लहान होता. मी तो चौपट मोठा केला, गल्ल्या काढल्या, नदी निळ्या शाईनं भरली. काकूंना दर अर्ध्या तासाला टेकता यावं म्हणून पुस्तकातले फोटो भिंगाखाली बघून बाक शोधले, चौकातल्या पायऱ्या शोधल्या. पुरुषोत्तम प्रत्येक शनिवारी नवीन काळजी घेऊन यायचा. तिथे पोहे मिळतील का? थंडी किती? रोमहून आगगाडी पकडताना सामान कोण उचलणार?

"मी उचलीन की."

"तुम्ही एवढ्याशा!"

"ऑफिसात ड्रॉइंगची भेंडोळी रोज तीन मजले चढवते. तुम्ही काय उचलता? कीबोर्ड?"

त्यावर त्यानं माझ्या हातातलं नकाशाचं लांब नळकांडं घेतलं आणि बसस्टॉपपर्यंत खांद्यावर नेलं. बाहेर बारीक भुरभुर होती. त्यानं छत्री उघडली ती नळकांड्यावर धरली. आम्ही दोघंही भिजलो, नकाशा कोरडा राहिला. "आर्नोला पूर नको यायला," तो म्हणाला.

डिसेंबर गेला. पासपोर्ट आला, व्हिसाचे कागद मुंबईला गेले. नकाशा पूर्ण झाला होता, तरी आम्ही शनिवारी भेटतच होतो. सोनारांची दुकानं असलेला जुना पूल सकाळी बघावा की संध्याकाळी, यावर आम्ही तीन शनिवार घालवले. शेवटी सकाळ-संध्याकाळ दोन्ही ठेवले. मला कळत होतं की हे सगळं आता त्या गावापुरतं उरलेलं नाही. त्यालाही कळत असावं. पण पुलाबद्दल बोलणं सोपं होतं.

फेब्रुवारीत येलहंक्याहून माझी थोरली बहीण प्रेमाक्का माहेरी आली. नकाशा बघितला, शनिवारांचं ऐकलं आणि गालात हसली.

"काय ग उल्का, हुशार माणसं म्हणायची! मुलगी दाखवायला आपण दोन तास पोहे-चहा करतो. ह्यांनी चार दिवस काढले. एका खोलीत राहणार तू आणि त्याची आई. तू कशी जेवतेस, किती वाजता उठतेस, झोपेत घोरतेस का... सगळं सासूबाई बघून घेणार."

मी हसले. पण रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. मला पुस्तकातला तो घुमट बघायचा होता. तिथे जाऊन कुणासमोर शहाण्यासारखं वागून दाखवायचं, या विचारानंच सगळ्या सहलीची चव गेली. आणि जास्त राग याचा आला की, मला त्या परीक्षेत पास व्हायचं होतं!

शनिवारी मी कॉफी न सांगताच नकाशा त्याच्यापुढे ठेवला.

"मी जात नाही. माझी सीट तुम्ही घ्या. आईबरोबर जाऊन या."

"काय? का पण?"

"काकूंना माझ्याबद्दल काय लिहिलंय तुम्ही?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी इडली चटणीत बुडवत आमच्याकडे बघत होतं.

"लिहिलंय... की नकाशा फार छान काढता."

"आणखी?"

"आणखी एक ओळ लिहिली होती. ती खोडली."

"काय होती?"

"उल्का, इथे? इडलीसमोर?"

"हो. इथेच."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लिहिलं होतं की, आई, सहलीची तारीख जवळ आली की मला भीती वाटते. कारण ठरवायचं काही उरणार नाही, आणि मग ही मुलगी शनिवारी कशाला येईल... मला ती हवी आहे. कायमची. मग वाटलं, हे आधी तुला सांगायला हवं, आईला नाही. म्हणून खोडलं."

त्याच्या तोंडून 'तू' आलं होतं, आणि त्यानं या वेळी ते बदललं नाही. ते मला आवडलं. पण राग अजून गेला नव्हता.

"म्हणजे माझी परीक्षाच की ही! चार दिवसांची."

"नाही. आईला काही माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. तू जा. फक्त घुमट बघ. उत्तर परत आल्यावर दे... नाही दिलंस तरी चालेल. पण माझ्यामुळे तुझं फ्लॉरेन्स बुडलं, तर मी स्वतःला माफ करणार नाही."

त्यानं नकाशाची गुंडाळी नीट केली आणि माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली. कॉफी मात्र त्या दिवशी आम्ही प्यायलो नाही.

निघायच्या तीन दिवस आधी शरयूकाकू पुण्याहून आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, पायात कॅनव्हासचे नवेकोरे बूट. मला भेटल्या भेटल्या म्हणाल्या, "इथे चढ कुठे आहे? मला सराव करायचाय."

मी त्यांना लालबागेतल्या खडकावर नेलं. वाटेत झाडांखाली गुलाबी फुलांचा सडा पडला होता. काकू चार पावलं चढायच्या, थांबायच्या, पुन्हा चढायच्या. मी हात पुढे केला तर तो नको म्हणाल्या. मी आपली नीट बोलत होते, पदर सावरत होते, 'हो काकू', 'बरं काकू' करत होते. अर्ध्यावर त्या खडकावर बसल्या.

"उल्का, एक सांगू? तू फार शहाण्यासारखी वागतेयस. त्यानं मला दम लागतोय."

मी पदर सोडला आणि त्यांच्या शेजारी बसले.

"तीस वर्षं मी मुलींवर नजर ठेवली. कोण बडबडतंय, कोण खिडकीबाहेर बघतंय. आता पुरे. हे चार दिवस मी कुणाची बाई नाही आणि कुणाची आई नाही. मी नदी बघणार. तू घुमटावर जा, हवा तितका वेळ लाव, हरव, उशिरा ये. मला फक्त जेवायच्या आत सापड."

"मी झोपेत घोरते, काकू," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग काय! मी पण घोरते. पुरुषोत्तमला विचार, शेजारी तक्रार करायचे." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की खाली बसलेली दोन कुत्री उठून बघायला लागली. मग त्यांनी आपणहून हात पुढे केला, मी धरला, आणि आम्ही माथ्यापर्यंत गेलो. वरून सगळं बेंगळूर दिसत होतं. काकूंनी बोटानं दिशा विचारून घेतल्या.

सकाळी साडेसातचं मुंबईचं विमान होतं. विमानतळावर अप्पा काकूंना तिसऱ्यांदा "पोरीला सांभाळा" असं सांगत होते. पुरुषोत्तम माझ्यापाशी उभा राहून गोळ्यांची पाकिटं दाखवत होता. ही सकाळची, ही गुडघ्याची, ही विमानात मळमळलं तर...

"पुरुषोत्तम."

नावानं हाक मी पहिल्यांदाच मारली. तो गोळ्यांसकट थांबला.

"मला उत्तर द्यायचंय."

"अगं, परत आल्यावर म्हटलं होतं ना. घाई नाही."

"तुला नसेल. मला आहे. मला तिथे घुमट बघायचाय. तुझं काय करायचं याचा विचार करत चारशे त्रेसष्ट पायऱ्या कोण चढेल?"

"मग...?"

"हो."

"हो म्हणजे?"

"म्हणजे हो! कायमची. शनिवार सोडून इतर दिवशीसुद्धा."

त्याच्या हातातलं एक पाकीट खाली पडलं. ते उचलायला आम्ही दोघंही वाकलो, आणि जमिनीजवळ, सामानाच्या आडोशाला, त्याची बोटं क्षणभर माझ्या बोटांवर राहिली. गार पडली होती बिचाऱ्याची. मी ती हलकेच दाबली.

"आईला..." तो पुटपुटला.

"आल्यावर. आपण दोघं मिळून सांगू."

"काय शोधताय रे?" काकू ट्रॉली ढकलत आल्या.

"पासपोर्ट, आई!"

"माझ्या पर्समध्ये आहेत ते. दोन्ही." काकूंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पुढे काहीच विचारलं नाही. "चल ग. ह्याला आज काही सुचत नाहीये."

आम्ही आत गेलो. काचेपलीकडे अप्पा हात हलवत होते आणि त्यांच्या शेजारी पुरुषोत्तम, गोळ्यांची पाकिटं छातीशी धरून, नुसता हसत उभा होता. ती पाकिटं त्याच्याकडेच राहिली हे बऱ्याच उशिरा माझ्या लक्षात आलं.

विमानाच्या पायऱ्या काकू न थांबता चढल्या. वरच्या पायरीवर वळून म्हणाल्या, "खिडकी जाताना माझी, येताना तुझी. चालेल?"

"हो," मी म्हटलं. त्या सकाळी मला सगळ्यालाच हो म्हणावंसं वाटत होतं.