चंद्रावरचा वाल आणि न छापलेल्या ओळी

मृण्मयीने एकेक ओळ बोट ठेवून तपासली होती. मासिकात छापल्याबरहुकूम सगळं जिथल्या तिथे होतं, तरी पंप काही थांबायला तयार नव्हता. वालाची कुंडी डबडबली, पाणी काठावरून ओघळलं आणि चंद्रावरचंच पाणी ते, कसलीही घाई न करता सावकाश खाली उतरू लागलं. तिने झटकन बटण दाबून पंप बंद केला.

उद्यापासून हरितगृहाकडे जाणारा बोगदा दुरुस्तीसाठी पंधरा दिवस बंद राहणार होता. तेवढे दिवस हरितगृहातल्या या कुंडीला पाणी कोण घालणार? मृण्मयीच्या आत्याआजीने, म्हणजे डॉ. इंदुमती केळुसकर यांनी, पृथ्वीवरून येताना चार कपडे कमी घेऊन वालाचं बी आणलं होतं. त्यातला रुजला तो हा एकच वेल. तो गेला असता तर पुन्हा बी मिळणं कठीण होतं. म्हणून मृण्मयीने 'कळफलक' मासिकातला आपोआप पाणी देणाऱ्या पंपाचा लेख शोधला आणि त्यातली आज्ञावली (यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना) हाताने टंकली.

"आत्याआजी, मासिकातच चूक आहे," ती म्हणाली.

"मासिकाला बोल लावण्याआधी लेखाची शेवटची ओळ वाच."

तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'जागेअभावी आज्ञावलीचा काही भागच छापला आहे. संपूर्ण सोर्स कोड मासिकाच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करून घ्यावा.' मृण्मयीचे कान लाल झाले. शेवटची बारीक अक्षरं कोण वाचतं?

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," आत्याआजी हसली. "ठोकळ्या, मागव ती फाइल."

ठोकळा हा त्यांचा यंत्रमानव. बुद्धीने तल्लख, पण दिसायला अगदी नावासारखा. त्याने समोरच्या भिंतीवर चित्र उमटवलं. पृथ्वीकडून प्रकाशाचे ठिपके निघाले आणि सव्वा सेकंदात इथे पोचू लागले.

"हे इतके तुकडे कसले?" मृण्मयीने विचारलं.

"फाइल अख्खी येत नाही," आत्याआजी म्हणाली. "तिची पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) करतात आणि प्रत्येकावर क्रमांक घालतात. मागचा तुकडा पुढे आला तरी बिघडत नाही, इथे क्रमांकानुसार लावून घेता येतात."

भिंतीवर मध्येच एक जागा रिकामी राहिली. मृण्मयीने तिकडे बोट दाखवलं.

"तेवढाच तुकडा पुन्हा मागवला आहे," ठोकळा शांतपणे म्हणाला. थोड्याच वेळात रिकामी जागा भरली. मग त्याने सगळ्या अक्षरांचं गणित करून एक लांबलचक चेकसम (पडताळणीचा आकडा) काढला. मासिकाने दिलेला आकडाही हुबेहूब तोच होता. वाटेत एक अक्षर जरी बदललं असतं, तरी आकडे जुळले नसते.

मृण्मयी खिडकीतून निळ्या पृथ्वीकडे पाहतच राहिली. मधल्या त्या काळ्या पोकळीत हवा नाही, आवाज नाही. तिथून कुणाच्या तरी मनातला विचार आला होता, आणि त्यातला साधा स्वल्पविरामसुद्धा सांडला नव्हता.

तिने फाइल उघडली. न छापलेल्या ओळींत हवी ती सूचना होती : माती ओली झाली की थांब. खाली लेखकाने वाचणाऱ्यासाठी लिहिलं होतं, 'पाणी मुरायला दहा मिनिटं देऊन मग ओल मोजतो. गरजेप्रमाणे बदला.'

"बदलायचं कशाला? पृथ्वीवर चालतंय की," ठोकळा म्हणाला.

मृण्मयी मात्र थबकली. मघाशी ओघळलेलं पाणी तिच्या डोळ्यांसमोर आलं. "इथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. पाणी मातीत उतरायलाही जास्त वेळ लागणार. दहा मिनिटांत ओल मोजली तर खालची माती कोरडीच लागेल, पंप पुन्हा सुरू होईल आणि मुळं कुजतील."

आत्याआजीने काम बाजूला ठेवलं. "तयार प्रोग्रॅम मिळाला असता, तर तो पानात वाढलेल्या भाजीसारखा असता. खायची, एवढंच. सोर्स कोड ही पाककृती. आपल्या चवीप्रमाणे तिखट कमीजास्त करता येतं. म्हणून तर लेखाबरोबर तो देतात."

मृण्मयीने दुसऱ्या एका कुंडीत पाणी ओतलं आणि तळाशी ओल पोचेपर्यंत घड्याळ धरून बसली. जवळजवळ तास लागला. तिने दहाच्या जागी साठ लिहिले आणि बोगद्याचं दार बंद होण्याआधी पंप सुरू केला.

ते पंधरा दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. अखेर बोगदा उघडला आणि ती धावतच सुटली. वेल दोरीवर चढला होता आणि त्याला जांभळी फुलं आली होती. तिला एकदम रडूच आलं.

तिने बदललेला कोड, साठ मिनिटं का घेतली या खुलाशासह, 'कळफलक'कडे पाठवला. मासिकाने तो संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवला.

काही महिन्यांनी मंगळावरच्या वसाहतीतून निरोप आला : 'मृण्मयीताई, तुमचा कोड डाउनलोड केला. मी वाटाणा लावला आहे. मंगळावर किती मिनिटं ठेवू?'

आजवर तिला कुणी ताई म्हटलं नव्हतं. तिने निरोप पुन्हा पुन्हा वाचला आणि उत्तर टंकलं : 'मला ठाऊक नाही. तू मोज, आणि मला तुझा कोड पाठव.'