वर आल्याची वेळ

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. माझं काही म्हणणं नाही. माझं नाव कौसल्या, आणि हे माझ्याच बोटांनी घडलेलं आहे.

एकोणीसशे पंच्याऐंशी. मे महिन्यातला शुक्रवार. नागपूर.

रात्र नव्हती... भर दुपार होती. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसू नये अशी दुपार.

मी एका कोळसा कंपनीच्या कॉम्प्युटर रूममध्ये ऑपरेटर होते. नोकरी बाबांच्या जागी मिळालेली. माझे बाबा, चंपतराव, शहराबाहेरच्या एका खाणीत होते. त्या दुपारच्या अकरा वर्षांआधी, पहिल्या पाळीत, खाली पाणी शिरलं. सात जण खालीच राहिले. कुणाचं काहीच हाती लागलं नाही. सात वर्षं वाट पाहिल्यावर 'मृत' लिहिलेल्या कागदावर आईने अंगठा दिला. माझ्या नोकरीसाठी.

त्या कागदाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

खाणीत उतरताना माणूस लॅम्परूममधून दिवा घेतो. वर आला की परत देतो. जाताना दिवा, येताना दिवा. खाली गेल्याची वेळ, वर आल्याची वेळ. सगळ्या पाळ्यांची ही नोंद आमच्या जुन्या मशीनच्या पोटात साठलेली होती.

आता नवं मशीन आलं होतं. सोबत काचेच्या पडद्यांची नवी टर्मिनलं. शनिवारी जुनं मशीन भंगारात जाणार होतं. तोवर त्याच्या पोटातलं सगळं नव्यात घ्यायचं.

पण दोघांचं जमेना.

जुन्या मशीनला कागदावर खटखट छापणाऱ्या टर्मिनलची सवय. नव्या पडद्यावर एक अक्षर दाबलं, की दोनदा उमटायचं.

"तोतरं आहे गं तुझं टर्मिनल," आमचे साहेब मधुकरराव हसले. "याला कोणी धड बोलायला शिकवलं नाही वाटते." मागचं एक बटण त्यांनी फिरवलं. तोतरेपण गेलं.

खरी अडचण वेगळीच होती. जुनं मशीन रिकामा रकाना रिकामा ठेवायचं. नव्याला रिकामं चालत नव्हतं. रकाना भरल्याशिवाय ते पुढे सरकतच नसे.

साडेतीनला पडद्यावर एक नाव आलं, आणि कर्सर थांबला.

खाली गेल्याची वेळ... आठ.

वर आल्याची वेळ...

काहीच नाही.

मी यादी पाहिली. तशी सात नावं होती. सातवं नाव बाबांचं.

"साहेब, हे लोक वर आलेच नाहीत जी."

"माहीत आहे बाई मला. पण हे डबडं ऐकून राहिलं का? पहिल्या पाळीचे ना ते? चार टाक. तारीख ते आपोआप आजची घेते."

"आजची?"

"कोण पाहून राहिलं गं! टाक आणि मोकळी हो."

मी पहिल्या नावापुढे चार टाकले.

खट्.

आवाज कोपऱ्यातून आला. तिथे जुनं छापणारं टर्मिनल चादरीखाली झाकलेलं होतं. त्याचा प्लग सकाळीच काढला होता.

"उंदीर असेल," म्हणत मधुकरराव चहाला गेले. खोलीत मी एकटी.

दुसरं नाव. खट्.

तिसरं. खट्.

चौथ्या नावाला कूलरच्या वाळ्याचा वास गेला... आणि ओल्या कोळशाचा वास आला.

पाचवं. सहावं.

मग सातवं. चंपतराव.

माझी बोटं उचलेनात. लहानपणी याच नावाने कुणी दारातून हाक मारली की मी आधी पळत जायची. आता ते नाव माझ्यासमोर होतं आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

किती वेळ गेला माहीत नाही.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. फोन वाजला.

खाणीच्या लॅम्परूममधून नत्थूकाका बोलत होते. पाणी शिरलं त्या सकाळी बाबांच्या हातात दिवा देणारे हेच.

"पोरी... तुमच्या ऑफिसातून कोणाले पाठवलं का वं इकडं?"

"नाही काका. काहून?"

"सहा दिवे वापस आले. जुन्या टाइपचे. असे दिवे आता कोणापाशीच नाहीत. पाणी गळून राहिलं त्यातून..."

"आणि... माणसं?"

"दारात उभे हायेत. म्या मान वर नाही केली. पायच दिसून राहिले मले. बारा पाय."

"जात काहून नाहीत?"

"सातव्यासाठी थांबले म्हणते. चंपतराव मागंच होता म्हणते..."

मी पडद्याकडे पाहिलं. रकाना रिकामा. कर्सर डोळा मिटत होता, उघडत होता.

एका आकड्याचं काम होतं. एकच.

पण वर काय येणार होतं? माझे बाबा... की अकरा वर्षं पाण्याने सांभाळलेलं दुसरंच काही?

"पोरी," नत्थूकाका कुजबुजले, "ते तुले विचारून राहिले."

"काय?"

"रकाना भरते का नाही, म्हणते."

नत्थूकाकांना माझ्या पडद्यावर काय आहे, कसं कळणार होतं?

मी भिंतीतून प्लग ओढला. पडदा काळा झाला. फोनमध्ये बराच वेळ फक्त थेंब पडत होते... टप्... टप्... मग तेही थांबलं.

"गेले," काका म्हणाले. "कुठं गेले, नाही दिसलं."

दुसऱ्या दिवशी जुनं मशीन ट्रकमध्ये चढलं. बाबांची नोंद त्याच्या पोटातच राहिली. पण त्याआधी, त्या शुक्रवारीच, मला घरी जायचं होतं.

लकडगंजमागे आमच्या दोन खोल्या. मी सायकल टेकवली आणि थबकले. त्या आगीसारख्या उन्हात आईने अंगणात चूल पेटवली होती. वर आंघोळीचं पाणी उकळत होतं.

ओट्यावर सहा पेले. रिकामे. काठाला काळी बोटं उमटलेली.

सातवा पेला भरलेला होता. वर ताटली झाकलेली.

"आई, कोण आलं होतं?"

ती माझ्या मागे, रस्त्याकडे पाहत होती.

"एकटीच आली वं तू?"

आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिने पुन्हा विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाबांना मी खाली सोडलं की सांभाळलं, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

पण झोप उडते ती त्यांच्यामुळे नाही.

त्या सहा जणांना वर आल्याची वेळ मी दिली.

परत गेल्याची वेळ... कुणीच लिहिलेली नाही.