काजळीआड

पद्मजा विषमज्वरानं गेली, त्याला दोन वर्षं होत आली होती. तिचे वडील दिगंबर मास्तर लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत. दिवेलागण झाली की ते दुर्बीण घेऊन गच्चीवर जात. खाली अनसूयाबाई एकट्या बसून राहत. लेकीचं नाव दोघंही काढत नसत.

१९३५ सालच्या वैशाखात एका संध्याकाळी अनसूयाबाई आपण होऊन वर आल्या.

"काय बघता एवढं?"

मास्तरांनी उत्तर मुकुट या तारकासमूहातला एक फिकट तारा दाखवला. "म्हातारा आहे. पोटात कोळसा फार. मधूनच काजळी बाहेर टाकतो आणि तिच्याआड दिसेनासा होतो, असा तर्क आहे."

"विझतो?"

"छे! आत जळतच असतो. आपल्याला दिसत नाही, इतकंच."

अनसूयाबाई कितीतरी वेळ दुर्बिणीला डोळा लावून होत्या.

पुढच्याच आठवड्यात तारा मंदावू लागला. त्याच सुमारास कामाला येणाऱ्या कस्तुराबाईनं बाईंच्या उशीचा अभ्रा मास्तरांपुढे धरला.

"काजळी बगा. रोज धुती मी. चूल तिकडं सैपाकघरात, हितं कुटनं येती?"

"इंजिनाचा धूर," मास्तर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, घाटातल्या गाड्या विजेवर धावू लागल्याला पाच वर्षं झाली होती.

आधी अनसूयाबाईंच्या कपाळावरचं कुंकू दिसेना. मग डोळे. कंदील अगदी जवळ ठेवला तरी उजेड त्यांच्या अलीकडेच थांबे. डॉक्टरांनी नाडी पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले आणि चष्मा पुसत घाईनं निघून गेले.

एका संध्याकाळी तारा दुर्बिणीतूनही दिसेना. मास्तर जिना उतरून धावत आले. माजघरात कंदील जळत होता. कोपरा काळाठिक्कर होता.

"अनसूया?"

"दिवा लावलाय की."

त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. तापल्या तव्यासारखा लागला.

"एवढी जळतेयस?"

"दोन वर्षं झाली."

मास्तरांनी हात सोडला नाही. पद्मजासाठी ते त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

पावसाळ्यात आभाळ मिटून गेलं. कस्तुराबाईनं काम सोडलं नाही. "बाई हायत न्हवं आत," म्हणायची आणि ताट कोपऱ्याकडे सरकवायची. मास्तर शाळेतून आले की तिथंच जाऊन बसत. दोघं लेकीबद्दल बोलत.

आश्विनात आभाळ उघडलं. पश्चिमेला तारा पूर्वीसारखा लुकलुकत होता. मास्तर आशेनं खाली आले.

कोपरा तसाच होता.

ते त्या काळोखात शिरून तिला टेकून बसले.

सकाळी कस्तुराबाई चहा घेऊन आली. मास्तर समोरच होते. तिची नजर त्यांच्यावरून फिरली. ती दाराबाहेर डोकावून आली.

"बाई, मास्तर कुटं गेलं?"

मास्तर काही बोलायच्या आत अनसूयाबाई म्हणाल्या, "इथंच आहेत गं. कप खालीच ठेव. हाताला चटका बसेल तुझ्या."