पाचवी हार्डडिस्क

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो गजेंद्र माझा सख्खा मावसभाऊ, आणि थापा मारणं त्याला जमत नाही. जमलं असतं तर हे घडलंच नसतं असं म्हणून मी मोकळा झालो असतो.

अकोल्यात तो लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. गेल्या मे महिन्यातली भर दुपार. बाहेर चिटपाखरू नाही.

सकाळी बार्शीटाकळीच्या कौशल्याबाई येऊन गेल्या होत्या. मुलीच्या लग्नात त्यांचा मुलगा अंकुर वरातीपुढे बेभान नाचला होता. पुढे काही दिवसांतच मोटर उतरवताना विहिरीत पडून तो गेला.

"भाऊ, मले बाकी काईच नोको. माह्या पोराले नाचताना एक खेप पाहू द्या."

त्या लग्नाची जुनी हार्डडिस्क कपाटात होती. पण कॉम्प्युटरला पोर्ट चारच, आणि चारही भरलेले. एकीवर विंडोज, दोन डिस्कवर सीझनची लग्नं, चौथीवर घरचे व्हिडिओ... लेक जुईलीच्या बारशापासूनचे. म्हणून गजेंद्रनं अमरावतीहून आणून ठेवलेलं, जास्तीचे पोर्ट देणारं कार्ड बसवलं आणि पाचवी डिस्क जोडली.

अंकुर दिसला. निळा सदरा, हसरा चेहरा. गजेंद्रलाच गहिवरून आलं.

इथं त्याची खोड नडली. सीझनमध्ये जागा पुरत नाही, म्हणून ही मंडळी कॉपी करत बसत नाहीत. सरळ कट करतात. त्यानंही सवयीनं अंकुरचे व्हिडिओ कट केले आणि भातकुली गावच्या एका लग्नाच्या डिस्कवर टाकायला लावले.

अर्ध्यात लाइन गेली.

लाइन आल्यावर पाहिलं, तर व्हिडिओ जुन्या डिस्कवर जागच्या जागी. हुश्श करून त्यानं लावला...

डीजे वाजत होता. पोरं गोल करून टाळ्या वाजवत होती.

मधोमध कोणीच नव्हतं.

गजेंद्रला घाम फुटला. काय झालं ते पाहायला त्यानं भातकुलीचं लग्न उघडलं. जेवणाची पंगत. वाढपी फिरताहेत. आणि पंगतीच्या टोकाला...

निळा सदरा.

अंकुर जेवत नव्हता. त्याच्या बाह्यांतून पाणी गळत होतं.

गजेंद्रनं मशीन बंद करून ती डिस्क उपटली. पुन्हा चालू केलं, दुसऱ्या डिस्कवरचं लग्न लावलं. मंगलाष्टकं. अक्षता टाकणाऱ्यांत तोच. आता कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. तीही डिस्क त्यानं काढली. पुढं दोन्ही डिस्क मित्राच्या मशीनवर लावून पाहिल्या, तर त्यांत अंकुर कुठंच नाही.

विंडोजची आणि ती जुनी डिस्क सोडली, तर आता कॉम्प्युटरमध्ये घरचीच डिस्क उरली होती.

टक्... टक्...

आवाज तिच्यातूनच येत होता. पडद्यावर जुईलीच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ. फक्त उघडायचा बाकी.

त्यानं उघडला नाही. केबल काढली, डिस्क हातात घेतली. अकोल्याच्या त्या उन्हात ती गार लागली. आणि ओली.

चार दिवसांनी कौशल्याबाईंचा फोन आला.

"भाऊ, सापडला काय माहा पोरगा?"

कुठं आहे ते गजेंद्रला ठाऊक होतं.

"नाही काकू. डिस्क खराब झाली."

त्या हळूच म्हणाल्या, "बरं भाऊ. पण ते फेकू नका. कोरड्या जागी ठेवा. शेवटी लय वेळ पाण्यात राहिला तो."

हे ऐकून मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, दाखव ना त्या माउलीला. एकदा उघडून पाहा."

गजेंद्रनं माझ्याकडे पाहिलं.

"त्यात तुही पोरगी असती तं तू उघडला असता काय?"

कौशल्याबाई अजून फोन करतात.