झाडाला बांधलेलं नाव

बसा. झाडाकडे पाठ करून बसलात तरी चालेल.

चाळीस वर्षं मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर हे घर घेतलं, तेव्हा मागच्या बागेतलं ते फळझाड मला ओळखताच येईना. पानं समोरासमोर, चीक पांढरा, लिंबाएवढं जांभळट फळ आणि त्याला बंद खोलीचा वास. पुस्तकं पालथी घातली, जुन्या सहकाऱ्यांना फोटो पाठवले. बायकोला भारी गंमत वाटली.

"जन्मभर पोरांना नापास केलंत ना? आता तुमची पाळी!"

आम्हा वनस्पतिशास्त्राच्या लोकांत अनोळखी झाडाची ओळख पटेपर्यंत पत्र्याच्या पट्टीवर एक आकडा कोरून ती तारेने फांदीला बांधतात. मी चेष्टेने आकड्याऐवजी 'ठकू' कोरलं. बायकोला मी घरात ठकूच म्हणायचो. ती पोट धरून हसली. तशी ती पुन्हा हसली नाही.

पंधरा दिवसांनी मी हाक मारली, "ठकू, चहा टाकतेस?" ती समोरच भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"अगं, तुझ्याशी बोलतोय."

"माझ्याशी? मग दुसऱ्याच कुणाला काय हाक मारता?"

मला वाटलं, माझी फिरकी घेतेय. महिन्याभरात ती तिचं खरं नावही विसरली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. इकडे झाड मात्र फळांनी वाकलं होतं. एका दुपारी बागेत पान हलत नव्हतं. मी तिला शोधत हाक मारली, "ठकू..." आणि तेवढंच एक झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सळसळलं.

पट्टी काढायला पक्कड घेऊन धावलो. पट्टी दिसेना, तारही दिसेना. दीड महिन्यात सालीने दोन्ही गिळल्या होत्या. मी पटाशीने साल तासायला घेतली. पहिल्याच घावाला स्वयंपाकघरात भांडं पडलं. आत धावलो, तर बायको मनगट घट्ट धरून उभी होती.

"दुखतंय हो... फार दुखतंय..."

मी पटाशी टाकून दिली. नुसता आकडा कोरला असता तर काय बिघडलं असतं? साधा एक आकडा. मला हुशारी नडली हो.

आता मीच तिला भरवतो. काल दुपारी ताट वाढलं आणि जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "ठकू, जेवायला चल."

"आले हं..."

आवाज बागेतून आला. बायको समोर बसली होती, तोंडात घास होता. तिने घाबरून माझा हात धरला. "कोण आहे हो ती?"

मग मागच्या दारावर थाप पडली. दोन हलक्या, एक जोरात. बायकोची थाप मला ओळखू येणार नाही का? चौतीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी दाराबाहेर ताटकळत ठेवलं नव्हतं.

मी अजून दार उघडलेलं नाही.